कालचा सहकारी, आजचा साहेब : जानलुका विआली आणि चेल्सीचे ३१ महिने

१२ फेब्रुवारी १९९८ रोजी, गुरुवारी, लंडनच्या चेल्सी क्लबने आपला मॅनेजर रुड गुलिट याला काढलं आणि त्याच दिवशी संघातल्या जानलुका विआली या इटालियन स्ट्रायकरच्या हाती संघ सोपवला. चेल्सी तेव्हा प्रीमियर लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर होता. लीग कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना सहा दिवसांवर आला होता आणि कप विनर्स कप या युरोपातल्या कपविजेत्या क्लबांच्या स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी तीन आठवड्यांवर. विआलीचं वय ३३. मॅनेजर म्हणून अनुभव शून्य.

बरोबर ३१ महिन्यांनी, १२ सप्टेंबर २००० रोजी, याच क्लबने विआलीलाही काढलं. मधल्या काळात त्याने पाच करंडक आणले होते. चेल्सीच्या तोवरच्या इतिहासात एवढे करंडक कुठल्याच मॅनेजरने आणले नव्हते.

पाच करंडक आणणारा माणूस नव्या हंगामाच्या पाचव्याच सामन्यानंतर घरी का गेला? याचं उत्तर देताना बहुतेक जण क्लबचे अध्यक्ष केन बेट्स यांच्या उतावळेपणाकडे बोट दाखवतात. त्यात तथ्य आहे, पण मला ते अपुरं वाटतं. माझ्या मते मूळ दुखणं पहिल्याच दिवशी सुरू झालं होतं. बुधवारी ज्यांच्या शेजारी बसून तो बूट बांधत होता, गुरुवारी त्यांचाच साहेब झाला. सहकाऱ्याचा साहेब होताना मनाची आणि नात्यांची जी फेरमांडणी करावी लागते, तिच्यासाठी त्याला उसंतच मिळाली नाही. बाद पद्धतीच्या स्पर्धांमध्ये हे दुखणं झाकलं गेलं. लीगच्या ३८ सामन्यांत आणि रोजच्या सरावात ते उघडं पडलं.

त्याआधीचा विआली

विआलीचा जन्म ९ जुलै १९६४ चा, उत्तर इटलीतल्या क्रेमोनाचा. व्हायोलिन बनवणाऱ्यांचं हे गाव. घरची श्रीमंती अशी की तो गावाबाहेरच्या एका जुन्या वाड्यात वाढला. खोल्याच साठ. गल्लीत चेंडू लाथाडत गरिबीतून वर आलेल्या फुटबॉलपटूंच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. हा त्यातला नव्हता. पोटासाठी खेळायची गरज नसलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी क्रेमोनेसेकडून खेळू लागला आणि मैदानात मात्र मजुरासारखा राबायचा. बचावपटूंच्या अंगावर धावून जाणं, हरवलेल्या चेंडूसाठी पन्नास यार्ड मागे येणं, हवेत उडी घेऊन कात्री मारणं, या सगळ्यासाठी तो ओळखला जाई.

१९८४ मध्ये तो जेनोव्हाच्या साम्पदोरियात गेला. तिथे रॉबेर्तो मान्चिनीबरोबर त्याची जोडी जमली. मालक पाओलो मांतोव्हानी यांनी या पोरांना घरच्यासारखं सांभाळलं, आणि प्रशिक्षक वुयादिन बोश्कोव्ह यांनी त्यांना मोकळं सोडलं. तीन इटालियन कप आले. १९९० मध्ये गोटेनबर्गला अँडरलेख्टविरुद्ध कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत दोन्ही गोल विआलीचे होते. १९९०-९१ मध्ये साम्पदोरियाने लीग जिंकली. क्लबचं ते पहिलं आणि आजवरचं एकमेव लीग विजेतेपद. विआली १९ गोलांसह लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. पुढच्या वर्षी युरोपियन कपच्या (याचीच पुढे चॅम्पियन्स लीग झाली) अंतिम सामन्यात, वेम्बलीवर, जादा वेळेत रोनाल्ड कूमनच्या फ्री किकवर बार्सिलोनाने त्यांना हरवलं. विआलीने त्या सामन्यात चांगल्या संधी दवडल्या होत्या. साम्पदोरियासाठीचा त्याचा तो शेवटचा सामना.

मग युव्हेंटस. सुमारे १.२ कोटी पौंडांचा तो करार त्या घडीला जागतिक विक्रम होता. चार वर्षांत यूएफा कप, लीग, इटालियन कप, आणि मे १९९६ मध्ये रोमला आयाक्सविरुद्ध पेनल्टी शूटआउटवर चॅम्पियन्स लीग. तो करंडक कर्णधार म्हणून विआलीने उचलला.

करार संपलेल्या खेळाडूला फुकट जाऊ देण्याचा बॉस्मन निकाल नुकताच लागला होता. त्याचा फायदा घेऊन तो त्याच उन्हाळ्यात चेल्सीत आला. युरोपचे तिन्ही मोठे क्लब करंडक जिंकलेला खेळाडू, आणि क्लबने त्याच्यासाठी हस्तांतरणाचा एक पौंडही मोजला नाही.

चेल्सीची सवय

गुलिटच्या जागी बाहेरून कुणाला न आणता आतल्याच खेळाडूला बसवणं, हा निर्णय तडकाफडकी वाटतो. पण चेल्सीला त्याची सवय झाली होती. १९९३ मध्ये ग्लेन हॉडल खेळाडू आणि मॅनेजर अशा दुहेरी भूमिकेत आला. १९९६ मध्ये तो इंग्लंडचा प्रशिक्षक म्हणून गेल्यावर त्यानेच आणलेल्या गुलिटला तीच दुहेरी जबाबदारी दिली गेली. विआली हा ओळीने तिसरा. पहिल्या दोघांनी क्लबला वर नेलं होतं. हॉडलने एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत आणि गुलिटने १९९७ मध्ये त्याच करंडकापर्यंत. त्यामुळे संघातला सर्वांत नावाजलेला खेळाडू घ्यायचा आणि त्याला वर बसवायचं, ही रीत तिथे रुळली.

इंग्लिश फुटबॉलमध्येही याला प्रतिष्ठा होती. लिव्हरपूलमध्ये केनी डॅल्ग्लिशने पहिल्याच हंगामात, १९८५-८६ मध्ये, लीग आणि एफए कप दोन्ही जिंकून दाखवलं होतं. पण डॅल्ग्लिशच्या मागे लिव्हरपूलची दोन दशकांची बांधलेली यंत्रणा होती. माजी मॅनेजर बॉब पेझली सल्ल्याला होते. चेल्सीत असं काही नव्हतं. संघ हीथ्रो विमानतळाजवळच्या हार्लिंग्टनला, एका कॉलेजच्या भाड्याच्या मैदानांवर सराव करत असे. डोक्यावरून विमानं जायची आणि खाली विश्वविजेतेपदं, युरोपियन कप पाहिलेली माणसं सराव करायची. पैसा आणि नावं आली होती, घडी बसायची होती.

गुलिट का गेला? नव्या करारात त्याने अवाच्या सवा पैसे मागितले, असं क्लबचं म्हणणं. आपल्याला वाटाघाटीची खरी संधीच दिली नाही, असं गुलिटचं. या प्रकरणापुरता मुद्दा एवढाच की ड्रेसिंग रूमने गुलिटविरुद्ध बंड केलं म्हणून हा बदल झाला नव्हता. तो वरून झाला.

आणि विआली गुलिटच्या हाताखाली सुखात नव्हता. जानेवारी १९९७ मध्ये एफए कपच्या चौथ्या फेरीत लिव्हरपूलविरुद्ध चेल्सी मध्यंतराला ०-२ ने मागे होता आणि ४-२ ने जिंकला. त्यातले दोन गोल विआलीचे. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मात्र गुलिटने त्याला बाकावर बसवलं आणि सामना संपत आल्यावर, करंडक पक्का झाल्यावर, काही क्षणांसाठी आत पाठवलं. पुढच्या हंगामात बार्न्सलीविरुद्ध त्याने एकट्याने चार गोल केले, तरी जागा पक्की नव्हती. ऑक्टोबर १९९७ मध्ये कप विनर्स कपसाठी नॉर्वेत, ट्रॉम्सोला, हिमवादळात खेळ चालू होता. बर्फाखाली रेषा दिसत नव्हत्या. चेल्सी ३-२ ने हरला, पण उशिरा झालेले ते दोन्ही गोल विआलीचे होते आणि त्यांच्या जोरावर चेल्सी स्पर्धेत टिकला. घरच्या मैदानावर परतीचा सामना ७-१ ने जिंकला, त्यात विआलीची हॅटट्रिक.

हा तपशील मी मुद्दाम देतो आहे. बाकावर बसवलेल्या मोठ्या खेळाडूला काय वाटतं, हे नव्या मॅनेजरला अंगावरच्या जखमेसारखं ठाऊक होतं. याचा त्याला फायदाही झाला आणि तोटाही.

पहिले तीन महिने

१८ फेब्रुवारी, चेल्सीचं घरचं मैदान स्टॅमफर्ड ब्रिज, लीग कपची उपांत्य फेरी, समोर आर्सेनल. पहिला सामना चेल्सी २-१ ने हरलेला. मैदानात उतरण्याआधी विआलीने ड्रेसिंग रूममध्ये शॅम्पेन उघडली आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पेला दिला. ब्रिटिश क्लबात सामन्याआधी मद्य! पण त्या संघातल्या लोकांनी पुढे ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली ती कौतुकानेच. नव्या साहेबाने पहिल्या भेटीत नियमांची यादी वाचून दाखवली नाही. मी तुमच्यातलाच आहे, एवढं त्याने सांगितलं. चेल्सी ३-१ ने जिंकला आणि एकूण ४-३ ने अंतिम फेरीत गेला. मार्क ह्यूज, डी मात्तेओ आणि पेत्रेस्कू यांचे गोल.

२९ मार्चला वेम्बलीवर मिडल्सब्रोविरुद्ध लीग कपचा अंतिम सामना. इथे विआलीने पहिल्या अकरात स्वतःला घेतलं नाही. अंतिम सामन्यात बाहेर बसण्याचं दुःख ज्याने दहा महिन्यांपूर्वी याच मैदानावर, याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध भोगलं होतं, त्याने ते पुन्हा, या वेळी स्वतःच्या हाताने, स्वतःला दिलं. माझ्या लेखी त्याच्या मॅनेजरपदाच्या काळातला हा सर्वांत मोठ्या मनाचा निर्णय. जादा वेळेत फ्रँक सिंक्लेअर आणि डी मात्तेओ यांनी गोल केले. २-०.

कप विनर्स कपमध्ये रेआल बेतिसला दोन्ही सामन्यांत हरवून उपांत्य फेरीत गाठ पडली ती इटलीच्या व्हिचेन्झाशी. तिथे ०-१ अशी हार. लंडनच्या परतीच्या सामन्यातही पहिला गोल व्हिचेन्झाचाच झाला. आता तीन गोल हवे होते. पोयेतने एक केला, झोलाने डोक्याने दुसरा. मग विआलीने चौतीस वर्षांच्या मार्क ह्यूजला बदली म्हणून आत सोडलं. लांबून आलेला उंच चेंडू ह्यूजने डोक्याने स्वतःच्याच पुढ्यात टाकला, बचावपटूला वळसा दिला आणि डाव्या पायाने जमिनीलगत जाळ्यात मारला. ३-१.

१३ मेला स्टॉकहोममध्ये अंतिम सामना, समोर श्टुटगार्ट. त्यांचा प्रशिक्षक होता योआकिम ल्योव्ह, ज्याने पुढे जर्मनीला विश्वचषक जिंकून दिला. झोला दुखापतीतून उठत होता, त्यामुळे बाकावर. विआली स्वतः फ्लोबरोबर आघाडीला. ७१ व्या मिनिटाला फ्लोला बाहेर काढून झोलाला पाठवलं. मैदानात येऊन त्याला अर्धा मिनिटही झालं नव्हतं, तोच डेनिस वाइजचा पास धावत्या पायावर घेऊन त्याने चेंडू गोलच्या वरच्या कोपऱ्यात ठोकला. १-०. विआली ३३ वर्षं ३०८ दिवसांचा होता. युरोपियन करंडक जिंकणारा तोवरचा सर्वांत तरुण मॅनेजर. हा विक्रम २०११ मध्ये आंद्रे व्हिलास-बोआस याने मोडला.

तीन महिन्यांत दोन करंडक. पण याच तीन महिन्यांत लीगमध्ये चेल्सी दुसऱ्या क्रमांकावरून चौथ्यावर घसरला. याकडे त्या मे महिन्यात फारसं कुणी पाहिलं नाही.

२०-३-१५ आणि २०-१५-३

आता ज्या आकड्यांनी मला या प्रकरणाकडे ओढलं, ते पाहू. १९९७-९८ च्या लीगमध्ये चेल्सीचे विजय २०, बरोबऱ्या ३, पराभव १५. १९९८-९९ मध्ये, विआलीच्या पहिल्या पूर्ण हंगामात, विजय पुन्हा २०, पण बरोबऱ्या १५ आणि पराभव फक्त ३. जणू दोन रकान्यांची अदलाबदल केली. विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक, या हिशेबाने ६३ गुणांचे ७५ झाले.

पुढचे दोन आकडेही शेजारी ठेवावे लागतात. खाल्लेले गोल ४३ वरून ३० वर आले, केलेले गोल ७१ वरून ५७ वर. आयुष्यभर गोल करून नाव कमावलेल्या माणसाने मॅनेजर झाल्यावर आधी गोळीबार कमी केला आणि दार घट्ट लावलं. मिलानहून मार्सेल देसायी आणला, बार्सिलोनाहून अल्बर्ट फेरेर. लबफ आणि देसायी हे फ्रान्सच्या नुकत्याच विश्वविजेत्या झालेल्या संघातले दोघे बचावाच्या मधोमध उभे राहिले. इटलीत वाढलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल : आधी हरायचं नाही, मग जिंकायचं पाहू. कॉव्हेंट्रीत पहिलाच सामना हरल्यावर चेल्सी लीगमध्ये २१ सामने हरला नाही. डिसेंबरमध्ये काही काळ गुणतक्त्यात सर्वांत वर होता. १९५५ च्या लीग विजेतेपदानंतर अशी आशा तिथे क्वचितच दिसली होती.

दोष फक्त पद्धतीचा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. लात्सिओहून आणलेला पिएरलुइजी कासिरागी नोव्हेंबरमध्ये वेस्ट हॅमच्या मैदानावर गोलरक्षकाशी टक्कर होऊन गुडघ्याने असा जायबंदी झाला की त्याची कारकीर्दच संपली. ब्रायन लाउड्रुप काही महिन्यांतच डेन्मार्कला परतला. पोयेत हंगामाच्या मधले काही महिने दुखापतीने बाहेर राहिला. म्हणजे गोल करणारी माणसं एकेक करून गळाली.

आणि एक स्ट्रायकर हाताशी असूनही तो क्वचित वापरला गेला : स्वतः विआली. ऑक्टोबर १९९८ मध्ये लीग कपमध्ये अॅस्टन व्हिलाविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली होती. (त्याच सामन्यात त्याने जॉन टेरी नावाच्या सतरा वर्षांच्या पोराला पदार्पण दिलं.) तरी लीगमध्ये तो जेमतेम खेळला. चौतीस वर्षांचे पाय, हे कारण खरं. पण स्वतःला निवडलं तर बाकावरचा प्रत्येक जण काय म्हणेल, हा विचारही त्या निर्णयांत असणार असं मला वाटतं. मार्चमधल्या सामन्यात वेम्बलीवर जे मोठेपण होतं, तेच पुढच्या हंगामात संघाला महागात पडलं असावं.

एप्रिल १९९९ मध्ये हिशेब चुकता झाला. मिडल्सब्रोशी ०-०. लेस्टरविरुद्ध घरच्या मैदानावर २-० अशी आघाडी होती, शेवटच्या दहा मिनिटांत एक स्वयंगोल झाला आणि मग स्टीव्ह गपीने बरोबरी साधली. त्यानंतर शेफिल्ड वेन्सडेशी ०-०. मधल्या दिवसांत मायोर्काकडून कप विनर्स कपच्या उपांत्य फेरीत पराभव. हंगामाच्या शेवटी मँचेस्टर युनायटेड ७९, आर्सेनल ७८, चेल्सी ७५. त्या तीन बरोबऱ्यांतल्या दोन जरी विजयात बदलल्या असत्या, तरी चेल्सीचे गुण ७९ झाले असते. तीनच पराभव झालेला संघ तिसरा आला.

पंगत आणि पानं

विआली १९९९ च्या उन्हाळ्यात खेळाडू म्हणून निवृत्त झाला. आता तो फक्त साहेब उरला. वरवर पाहता ही सुटका होती, पण ड्रेसिंग रूममधलं अवघडलेपण इथून वाढलं.

वाढपी ओळखीचा असेल तर पंगतीत कुठेही बसावं, असं आपल्याकडे म्हणतात. चेल्सीच्या पंगतीत वाढपी सगळ्यांच्याच ओळखीचा होता, आणि पानं फक्त अकरा. झोला, पेत्रेस्कू, वाइज, लबफ, डी मात्तेओ, पोयेत यांच्याबरोबर तो खेळला होता, जेवला होता, गुलिटच्या फिरत्या संघनिवडीबद्दल त्यांच्याइतकाच नाराज होता. आता संघ तोच फिरवत होता. चॅम्पियन्स लीग, लीग, कप मिळून एवढे सामने होते की फिरवणं भागच होतं. परका मॅनेजर वगळतो तेव्हा खेळाडू चिडतो. मित्राने वगळलं की त्याला तो विश्वासघात वाटतो. उलट बाजूने, मित्रांना झुकतं माप देतो असं वाटू नये म्हणून विआली अधिकाधिक अंतर राखू लागला. शॅम्पेनचे पेले हातात देणारा माणूस कमी बोलू लागला. झोला, पेत्रेस्कू आणि युव्हेंटसचा जुना सहकारी दिदिए देशाँ यांच्याशी त्याचं बिनसल्याच्या बातम्या त्या काळात उघडपणे छापून आल्या. देशाँ एका हंगामानंतर व्हॅलेन्सियाला निघून गेला.

मोठ्या रात्री मात्र अजूनही येत होत्या. ऑक्टोबर १९९९ मध्ये युनायटेडला ५-० ने धुतलं. त्याच महिन्यात इस्तंबूलला गालातासरायवर ५-० असा विजय. आणि त्याच महिन्यात आर्सेनलविरुद्ध घरी २-० ने पुढे असताना आर्सेनलच्या कानूने शेवटच्या पंधरा मिनिटांत तीन गोल करून सामना हिसकावला. एक कोटी पौंडांना घेतलेल्या ख्रिस सटनने लीगच्या २८ सामन्यांत एकच गोल केला, तोही युनायटेडविरुद्धच्या त्या पाचांपैकी एक. २६ डिसेंबरला साउदॅम्प्टनविरुद्ध चेल्सीच्या पहिल्या अकरात एकही ब्रिटिश खेळाडू नव्हता. इंग्लिश लीगच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं. काही इंग्लिश खेळाडू त्या दिवशी उपलब्ध नव्हते आणि चेल्सीने सामना २-१ ने जिंकलाही. पण वर्तमानपत्रांनी महिनोन्‌महिने तेच उगाळलं. आज प्रीमियर लीगमध्ये असा संघ उतरला तर कुणी मानही वळवणार नाही.

एप्रिल २००० मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत बार्सिलोनाला लंडनमध्ये ३-१ ने हरवलं. परतीच्या सामन्यात, काम्प नाऊवर, सामना संपायला सात मिनिटं उरली असताना चेल्सी उपांत्य फेरीत होता. बार्सिलोनाच्या दानीने डोक्याने गोल केला, जादा वेळेत चेल्सीच्या बाबायारोला लाल कार्ड दाखवलं गेलं आणि रिव्हाल्डो व क्लुइव्हर्टने ५-१ असा निकाल लावला. महिन्याभराने जुन्या वेम्बलीवरच्या शेवटच्या एफए कप अंतिम सामन्यात अॅस्टन व्हिलाला १-० ने हरवून चेल्सीने करंडक घेतला. झोलाच्या फ्री किकवर गोलरक्षक डेव्हिड जेम्सच्या हातून चेंडू सुटला आणि डी मात्तेओने तो आत ढकलला. लीगमध्ये क्रमांक पाचवा, गुण ६५. म्हणजे पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग नाही.

उन्हाळ्यात जिमी फ्लॉइड हासेलबाइंकसाठी दीड कोटी पौंड मोजले. ऑगस्टमध्ये चॅरिटी शील्ड हा हंगामाच्या सुरुवातीचा एका सामन्याचा करंडक जिंकला. ऑगस्ट १९९८ मधला युरोपियन सुपर कप धरून हा पाचवा. मग वेस्ट हॅमवर ४-२ असा विजय. ब्रॅडफर्डकडून ०-२ अशी हार. व्हिलाशी बरोबरी, आर्सेनलविरुद्ध २-० ची आघाडी घालवून बरोबरी, न्यूकॅसलशी बरोबरी. पाच सामन्यांत एक विजय. तीन दिवसांनी विआली गेला. पाच सामने हे निमित्त होतं. मोठे खेळाडू नाराज आहेत आणि लीग हाती लागत नाही, ही दोन कारणं क्लबपुढे त्याआधीच उभी होती.

नंतर

२००१ मध्ये तो वॉटफर्डला गेला. ग्रॅहम टेलर यांच्यासारख्या घरच्या माणसाच्या जागी, दुसऱ्या स्तरावरच्या लीगमध्ये. मोठ्या पगाराचे खेळाडू आणले, संघ चौदावा आला, त्यात आयटीव्ही डिजिटल ही प्रक्षेपण कंपनी बुडाली आणि खालच्या लीगमधल्या क्लबांचा पैसा आटला. एका हंगामात नोकरी गेली. त्यानंतर त्याने कुठल्याच संघाचं मॅनेजरपद घेतलं नाही. तेव्हा तो अडतीस वर्षांचाही झाला नव्हता.

२०१७ मध्ये त्याला स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. २०१९ मध्ये इटलीच्या राष्ट्रीय संघाचा पथकप्रमुख म्हणून तो परतला. मॅनेजर होता मान्चिनी. या पदावर संघ निवडायचा नसतो, कुणाला वगळायचं नसतं. युरो स्पर्धेच्या पहिल्या सामन्याला, तुर्कस्तानविरुद्ध, निघताना संघाची बस विआलीला चुकून मागे ठेवून सुटली आणि थांबवून त्याला घ्यावं लागलं. इटली जिंकला. मग दर सामन्याआधी बस मुद्दाम सुटायची, विआली मागून यायचा, बस थांबायची. ११ जुलै २०२१ रोजी वेम्बलीवर इंग्लंडला पेनल्टी शूटआउटवर हरवून इटली विजेता झाला आणि तो व मान्चिनी गळ्यात पडून रडले. जानेवारी २०२३ मध्ये लंडनमध्ये तो गेला. वय ५८.

त्या दोन वर्षांत इटलीच्या खेळाडूंनी त्याच्याबद्दल जे प्रेम दाखवलं, ते पाहून मला चेल्सीचा पहिला आठवडा समजतो. खेळाडूंच्या बरोबरीने उभा राहून त्यांना बळ देणं, हे त्याला उपजत येत होतं. चेल्सीने त्याच गुणावर भाळून त्याला असं पद दिलं, ज्यात तो गुण वापरण्याची मुभा दिवसेंदिवस कमी होत गेली.

क्लबने काय करायला हवं होतं

मान्चिनीची वाट शेजारी ठेवून पाहावी. त्याने २००० मध्ये लात्सिओत खेळणं थांबवलं, तो तिथेच स्वेन-योरान एरिक्सन यांचा सहायक झाला, आणि फेब्रुवारी २००१ मध्ये फिओरेन्तिना या वेगळ्याच क्लबचा मॅनेजर झाला. लात्सिओच्या जुन्या सोबत्यांचा साहेब तो झाला, पण मधे दुसरा क्लब आणि दुसरी ड्रेसिंग रूम पाहून आल्यावर. लात्सिओचाच माजी खेळाडू सिमोने इंझागी याने क्लबच्या कुमार संघांबरोबर सहा वर्षं काढली, मग मोठा संघ घेतला. खुद्द डी मात्तेओ २०१२ मध्ये चेल्सीचा हंगामी मॅनेजर झाला आणि चॅम्पियन्स लीग जिंकून बसला, पण त्याआधी एमके डॉन्स आणि वेस्ट ब्रॉम असे दोन क्लब सांभाळून आला होता.

फेब्रुवारी १९९८ मध्ये विआलीला हंगाम संपेपर्यंत नेमणं बरोबरच होतं, असं माझं मत आहे. हंगामाच्या मध्यात, दोन करंडकांच्या तोंडावर, बाहेरचा माणूस आणून हे जमलं नसतं. चूक झाली ती स्टॉकहोमनंतर. त्या जूनमध्ये क्लबकडे दोन मार्ग होते : एखादा जाणता मॅनेजर वर आणून विआलीला त्याच्याखाली दोन वर्षं ठेवणं, किंवा त्यालाच ठेवून संघातली पाच-सहा जुनी माणसं बदलू देणं. दोन्ही मार्गांनी तो आणि त्याचे जुने सोबती यांच्यामध्ये आवश्यक ते अंतर पडलं असतं. क्लबने तिसरं केलं. करंडक पाहिले, त्याला कायम केलं, जुना संघ तसाच ठेवला आणि वर आणखी मोठी नावं आणून बसवली.

सप्टेंबर २००० मध्ये आलेल्या क्लाउडिओ रानिएरीला ते मागे राहिलेलं काम करावं लागलं. पोयेत, वाइज, लबफ एकेक करून गेले, संघ तरुण झाला आणि पहिल्या हंगामात सहाव्या क्रमांकावर आला. चार वर्षांत रानिएरीच्या हाती एकही करंडक लागला नाही. चेल्सीला पुढचा करंडक मिळाला तो फेब्रुवारी २००५ मध्ये, जोझे मोरिन्योच्या काळात, आणि तेव्हा कर्णधार होता जॉन टेरी.